जनुकीय तपासण्यांमुळे आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णाच्या पदरात नेमके काय पडले?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

मानवी जीनोम (माणसाच्या डीएनएमधली सगळी माहिती) वाचण्याचा प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यावर सुमारे ३०० कोटी डॉलर खर्च झाले होते. आज एका माणसाचा संपूर्ण जीनोम १,००० डॉलरच्या आत वाचून मिळतो. राजारामपुरीपासून इचलकरंजीपर्यंत कलेक्शन सेंटरांच्या फलकांवर आता साखर, थायरॉइडच्या शेजारी जनुकीय तपासणीची पॅकेजेसही दिसतात. या शास्त्राबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा प्रश्न येथे मांडतो आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर तिचे रक्त जनुकीय तपासणीसाठी बाहेरगावी पाठवले. बऱ्याच पानांचा अहवाल आला आणि त्यात कामाची ओळ एकच होती : बीआरसीए-२ या जनुकात (यातील दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ आढळला. अहवाल हातात देणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगता आला नाही. घरात मात्र लगेच दोन तट पडले. काहींच्या मते दुसरा स्तनही काढून टाकावा, तर काहींच्या मते भाचीची तपासणी आधी करावी, कारण तिच्या लग्नाचे बघायचे आहे.

माझा प्रश्न असा आहे की, जैवमाहितीशास्त्र (जनुकीय माहितीचा संगणकावर अर्थ लावणे) आणि जीनोमिक्स (जीनोमचा अभ्यास) यांच्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या सर्वसाधारण रुग्णाच्या उपचारात खरा बदल कुठे झाला आहे आणि कुठे नुसतीच विक्री चालू आहे? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रयोगशाळावाला

शाहूपुरीकर, तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे सर्वांत ठसठशीत उत्तर क्षयरोगात आहे, पण त्याची जाहिरात होत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. क्षयरोगाच्या जंतूचा सुमारे ४४ लाख अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या घटकांचा) संपूर्ण जीनोम १९९८ साली प्रसिद्ध झाला. रिफाम्पिसिन हे औषध ज्या रुग्णांवर चालत नाही, त्यांच्यातील बहुतेकांच्या जंतूंमध्ये आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका छोट्या पट्ट्यातच बदल असतो. सीबीनॅट यंत्राला हाच पट्टा तपासायला शिकवलेले आहे. थुंकीचा नमुना कार्ट्रिजमध्ये घातला की, क्षयरोग आहे का आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सुमारे दोन तासांत मिळतात. पूर्वी कल्चरसाठी (जंतू वाढवून तपासण्यासाठी) सहा ते आठ आठवडे थांबावे लागे, आणि त्या काळात रुग्ण लागू न पडणाऱ्या गोळ्या घेत घरातल्या माणसांना आजार देत राही. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट यंत्रही हेच काम करते आणि ते लहान केंद्रांवरही चालवता येते. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. शेंडा पार्कजवळच्या झोपडीतल्या माणसालाही जीनोमिक्सचा हा लाभ मिळतो, मग त्याने तो शब्द कधी ऐकलेला नसला तरी चालते.

कर्करोगाच्या तपासण्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती रोज माझ्या डोळ्यांसमोर घडते. गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये घालतात, मग त्याचा मेणाचा ब्लॉक करतात आणि त्या ब्लॉकचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून त्यातून डीएनए काढतात. तुकडा ७२ तासांपेक्षा जास्त काळ फॉर्मलिनमध्ये पडून राहिला, किंवा फॉर्मलिन बफर केलेले नसले, तर डीएनएचे तुकडे होतात. शनिवारी दुपारी काढलेला नमुना, मध्ये रविवार, सोमवारी सुट्टी आणि मंगळवारी संध्याकाळी कुरिअर, असा प्रवास झाला की बंगळुरूचे कोट्यवधींचे यंत्रही ‘नमुना अपुरा’ एवढेच कळवते. मग त्या रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की, जनुकीय तपासणी लागणार असेल तर नमुना कोणत्या द्रावणात ठेवणार आणि तो कधी निघणार.

वैदेही_क

माझे वडील शिरोळ तालुक्यातले शेतकरी होते. त्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही, आणि तरीही त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. निदान झाले तेव्हा तो हाडांत पसरलेला होता. डॉक्टरांनी ब्लॉक तपासायला पाठवला आणि पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर जनुकाच्या १९व्या एक्झॉनमध्ये (भागामध्ये) अक्षरे गळल्याचे कळले. त्यामुळे शिरेतून केमो देण्याऐवजी रोजची एक गोळी सुरू झाली. पुढच्या हंगामात ते स्वतः ऊस तोडणीच्या वेळी बांधावर उभे होते. काही काळाने गोळी चालेनाशी झाली, तेव्हा फुप्फुसात पुन्हा सुई न घालता रक्तातच फिरणाऱ्या गाठीच्या डीएनएची तपासणी केली. त्यात टी७९०एम नावाचा नवा बदल सापडला आणि त्यावरची पुढची गोळी मिळाली.

ते बरे झाले नाहीत, पण तो काळ त्यांनी अंथरुणावर काढला नाही. म्हणून या सगळ्या तपासण्यांना कोणी सरसकट विक्री म्हटले की मला त्रास होतो. धूम्रपान न करणाऱ्या माणसाला फुप्फुसाचा अॅडिनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार) झाला असेल, तर ही तपासणी टाळूच नये, असे मी सर्वांना हात जोडून सांगेन.

विदावाचक

मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पुण्यात जनुकीय विदा (डेटा) वाचण्याचेच काम करतो. शाहूपुरीकरांनी विचारलेली ती एक ओळ कशी तयार होते, हे सांगतो.

यंत्र जीनोम सलग वाचत नाही. ते डीएनएचे साधारण दीडशे अक्षरांचे तुकडे वाचते. मानवी जीनोम ३०० कोटी अक्षरांचा आहे आणि चुका टाळण्यासाठी प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जाते, म्हणजे एका माणसामागे सुमारे ६० कोटी तुकडे हाती येतात. प्रत्येक तुकडा संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना जीनोमवर) कुठे बसतो हे संगणकाने शोधायचे, मग संदर्भापेक्षा या माणसाचे अक्षर कुठे वेगळे आहे याची यादी करायची. अशी यादी कोणत्याही धडधाकट माणसाची केली तरी ती ४० ते ५० लाख फरकांची होते. यंत्राचे काम तेथे संपते आणि अवघड काम तेथून पुढे सुरू होते, कारण त्या लाखो फरकांमधला आजाराशी संबंधित एखादाच असतो आणि पुष्कळदा एकही नसतो.

तो शोधण्यासाठी आम्ही पाहतो की हा फरक निरोगी लोकांत किती वेळा दिसतो, प्रथिनाच्या कोणत्या भागात तो पडतो, आणि जगात इतर कोणत्या प्रयोगशाळेने तो रुग्णांमध्ये नोंदवला आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी यासाठी पाच पायऱ्या ठरवून दिल्या : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. दोन्हीपैकी कोणत्याही बाजूला पुरेसा पुरावा नसला की बदल मधल्या पायरीवर राहतो. तुमच्या बहिणीचा बदल धोकादायक असल्याचे त्या ओळीत कुठेही म्हटलेले नाही.

आपल्याकडे अशी ओळ जास्त वेळा येते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्या संदर्भ जीनोमशी आपण तुलना करतो, त्याचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एकाच दात्याचा आहे. जगातल्या मोठ्या विदासंचांमध्येही युरोपीय वंशाच्या लोकांचेच प्राबल्य आहे. आपल्याकडच्या एखाद्या समाजात शेकडो निरोगी माणसांत असणारा फरक त्या संचांत सापडत नाही, म्हणून तो दुर्मिळ आणि संशयास्पद वाटतो. जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतील १०,०७४ जणांचे जीनोम वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो विदा फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून संशोधकांसाठी खुला झाला. त्याचा उपयोग अशाच ओळी निकालात काढण्यासाठी होऊ शकतो. माझ्या मते या क्षेत्रात आपल्याला यंत्रांची टंचाई नाही. वाचलेल्याचा अर्थ लावणारी आणि तो घरच्यांना समजावून सांगणारी माणसे मात्र कमी आहेत.

उद्यमनगर

विदावाचक, आमच्या फाउंड्रीत कास्टिंगचा एक्स-रे काढल्यावर आत ब्लो-होल दिसले की तेवढ्यावर माल बाद करत नाहीत. ते होल मशीनिंग होणाऱ्या पृष्ठभागाजवळ आहे की दाब न येणाऱ्या जागी आहे, हे ड्रॉइंग बघून ठरवतात. तुमचे म्हणणे मला त्यावरून समजले. आता माझी एक शंका आहे. आमच्या कारखान्यात एक प्रतिनिधी येऊन गेला. लाळेच्या नमुन्यावरून मधुमेह, हृदयविकार, ‘योग्य आहार’ आणि मुलांचा ‘कल’ सांगणारे पॅकेज सर्व कामगारांसाठी सवलतीत देतो म्हणाला. ते घ्यावे का?

निशिगंधा

मी गडहिंग्लजला फिजिशियन आहे. उद्यमनगर, ते पैसे वाचवा, किंवा त्याच पैशांत सर्व कामगारांचा रक्तदाब, एचबीए१सी (सरासरी साखर) आणि लिपिड तपासून घ्या. मधुमेह आणि हृदयविकार यांमध्ये शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. त्यांची बेरीज करून जो धोक्याचा आकडा काढतात, तो मुख्यतः युरोपीय लोकांच्या अभ्यासावर बेतलेला असल्यामुळे आपल्या लोकांवर तितका खरा ठरत नाही. मुलांचा कल तर कोणत्याही जनुकावरून सांगता येत नाही.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमवायबीपीसी-३ जनुकातली २५ अक्षरे गळलेली असण्याचे प्रमाण भारतीयांत सुमारे चार टक्के आढळले, आणि त्यामुळे हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो असे दिसले. हे संशोधन मोलाचे आहे. तरीही लक्षणे नसलेल्या कामगाराला हा अहवाल देऊन मी त्याला काय सांगणार? मीठ कमी खा, तंबाखू सोडा, रक्तदाब तपासत राहा. हे मी त्याला एरवीही सांगतेच.

जनुकीय तपासणीमुळे औषधच बदलते, असेही रुग्ण माझ्याकडे येतात. पंचविशीतला सडपातळ मुलगा, वडील आणि आजोबा दोघांनाही तरुणपणीच मधुमेह, आणि टाइप १ समजून कोणीतरी त्याला इन्सुलिन सुरू केलेले. अशा ठिकाणी मोडी (एकाच जनुकातल्या दोषामुळे तरुणपणी होणारा मधुमेह) या प्रकाराचा संशय घ्यायला हवा. एचएनएफ१ए जनुकात दोष सापडला तर बहुतेकांना इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरियाची साधी, स्वस्त गोळी पुरते. घरात चाळिशीच्या आत हृदयविकाराचे झटके आलेले असतील आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० च्या वर असेल, तर कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा (जन्मतःच कोलेस्टेरॉल जास्त असण्याचा) विचार करून भावंडांनाही तपासले पाहिजे. वंशावळ विचारायला पाच मिनिटे लागतात आणि कोणाला जनुकीय तपासणीला पाठवायचे ते त्या पाच मिनिटांत ठरते.

गडहिंग्लजकर

निशिगंधाताई, तुम्ही वंशावळीचा विषय काढलात म्हणून विचारतो. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची पद्धत आजही आहे. शहरातले डॉक्टर ऐकल्या ऐकल्या नाक मुरडतात, आणि मूल आजारी निघाले की सगळा दोष त्या नात्यावर टाकून मोकळे होतात. आमच्या घराण्यात अशी लग्ने पिढ्यान्‌पिढ्या झाली आणि मुले धडधाकट आहेत. यामागे खरे शास्त्र काय आहे?

जीवशास्त्र_शिक्षिका

दादा, दोन्ही बाजूंना थोडे थोडे सत्य आहे. मामे-आते भावंडांमध्ये सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे दोघांकडे एकच छुपा दोष असण्याची शक्यता वाढते आणि गंभीर जन्मजात आजाराचा धोका इतर जोडप्यांच्या साधारण दुप्पट होतो. मूळ धोकाच दोन-तीन टक्के असल्यामुळे दुप्पट होऊनही बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात, आणि तुमच्या घराण्यात तेच झालेले आहे. मात्र ज्या घरात असे एक आजारी मूल आधीच जन्मले आहे, त्या घराला हा सरासरीचा हिशेब लागू होत नाही.

नात्याबाहेर लग्न केले की प्रश्न सुटला, असेही समजू नये. सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या समाजाच्या खुणा इतक्या ठळक होत्या की, या बाबतीत जगभर उदाहरण म्हणून दिल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांनाही त्यांनी मागे टाकले. त्या ८१ गटांपैकी १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक होती. पोटजातीतच लग्न करण्याच्या शतकानुशतकांच्या रिवाजाचा हा परिणाम आहे. दोघांचे आडनाव वेगळे आणि गाव वेगळे असले तरी दोष एकच असू शकतो.

आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत उपयुक्त गोष्ट थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक तपासणी आहे; वाहक म्हणजे ज्याच्यात हा दोष छुपा असतो तो. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आढळते आणि गांधीनगरची मोठी सिंधी वस्ती आपल्या शेजारीच आहे. पण हा आजार एवढ्या समाजांपुरताच नाही, म्हणून प्रत्येक जोडप्याने ही तपासणी करावी. सुरुवात साध्या सीबीसीपासून करता येते. हिमोग्लोबिन थोडे कमी, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) बरेच कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असे दिसले तर एचपीएलसी चाचणी करून एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजावा. हे न बघितल्यामुळे कित्येक वाहक मुलींना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि ‘रक्त काही वाढत नाही’ म्हणून त्यांनाच बोलणी बसतात. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (आजाराचे गंभीर रूप) होण्याची शक्यता २५ टक्के असते. साधारण ११व्या आठवड्यानंतर वारेचा अंश घेऊन बाळाची तपासणी करता येते, पण ती गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच करता येते.

वैदेही_क

शिक्षिकाबाई, तुमचे सगळे पटते, तरी एका गोष्टीची धास्ती वाटते. लग्नाआधी मुलीचा अहवाल मागायचा आणि ती वाहक निघाली की स्थळ मोडायचे, हे आपल्याकडे होणारच. मुलाचा अहवाल कोणी मागेल का?

जीवशास्त्र_शिक्षिका

वैदेहीताई, म्हणूनच दोघांची तपासणी एकाच दिवशी व्हावी आणि निकाल दोघांनाच मिळावा, असे मी महाविद्यालयातल्या मुलामुलींना सांगते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. एक वाहक आणि एक वाहक नसलेला, अशा जोडप्याला थॅलेसेमिया मेजरचे मूल होत नाही. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत हाच प्रश्न जुना आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणी स्वस्तात होते, पण त्यानंतर वाहक मुलीशी आणि तिच्या घरच्यांशी बसून बोलायला माणूस नसला, तर त्या निकालाने तिचे नुकसानच होईल.

त्याच सिकलसेलवर जनुकसंपादनाचा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. डीएनएमधील एका अक्षराच्या बदलामुळे होणाऱ्या आजारावर माणसाला जनुकसंपादनाने उपचार करता यावा, याचा मला शिक्षिका म्हणून अतिशय आनंद झाला. त्याच वेळी नंदुरबारकडच्या धडगावच्या पाड्यावर तो उपचार कधी पोहोचेल, हा प्रश्नही मनातून जात नाही.

आई_जयसिंगपूर

मी येथे क्वचितच लिहिते, पण आज लिहावेसे वाटले. आमच्या मुलाला जिना चढता येईना, जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात टेकून उठू लागला. आळशी आहे, लाडावला आहे, बाहेरचे काही झाले आहे, मी गर्भारपणात ग्रहण पाळले नाही, असे सगळे ऐकून झाले. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी सीके (स्नायूंच्या इजेने रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासायला सांगितले. तो आकडा हजारोंच्या घरात निघाला आणि एमएलपीए या जनुकीय तपासणीत डिस्ट्रोफिन जनुकाचे काही भाग गळल्याचे दिसले. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे करणारा जनुकीय आजार) हे नाव आम्हाला तेव्हा कळले.

यावर मुळापासून बरे करणारे औषध आमच्या आवाक्यात नाही. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमून दिलेल्या केंद्रांमधून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण काही आजारांच्या औषधांपुढे तीही अपुरी पडते. मग नाव कळून काय मिळाले, असे मला अनेकांनी विचारले. पुष्कळ मिळाले. स्टेरॉइड वेळेवर सुरू झाले, त्यामुळे तो अजून स्वतः चालतो. त्याच्या हृदयाची तपासणी नियमित होते. चुकीचे व्यायाम आणि मालिश थांबले. माझ्या स्वतःच्या रक्तात तो बदल सापडला नाही, कारण सुमारे एक-तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो. तो अहवाल सासरी वाचून दाखवला त्या दिवसापासून ग्रहणाचा विषय कोणी काढलेला नाही. माझ्या नणंदेलाही यापासून काही धोका नाही, हे समुपदेशक बाईंनी कागदावर आकृती काढून समजावले. ज्या मातांच्या रक्तात तो बदल सापडतो, त्यांचाही त्यात काडीचाही दोष नसतो, हे मात्र त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले आणि मलाही ते येथे लिहायचे आहे.

निशिगंधा

ताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले. तुमच्या मुलाला भूल देण्याची वेळ कधी आली, तर निदानाचा कागद भूलतज्ज्ञांना आधी दाखवा. सक्सामेथोनियम हे स्नायू शिथिल करणारे औषध आणि श्वासातून द्यायचे भुलीचे काही वायू ड्युशेनच्या मुलांना देऊ नयेत.

दसरा_चौक

औषधांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडी भर घालतो, मी फार्मासिस्ट आहे. सक्सामेथोनियमचीच दुसरी अडचण आर्य वैश्य समाजात दिसते. त्यांच्यातील काहींच्या शरीरात हे औषध मोडून टाकणारे एन्झाइम जनुकीय कारणाने जवळजवळ नसते, त्यामुळे शस्त्रक्रिया संपल्यावरही श्वास लवकर परत येत नाही. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनने एचएलए जनुकांचे काही विशिष्ट प्रकार असलेल्या लोकांच्या अंगावरची कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. हिवतापासाठी प्रायमाक्विन देण्यापूर्वी जी६पीडी या एन्झाइमची तपासणी करायला हवी, नाहीतर लाल पेशी फुटतात. स्टेंट बसवल्यानंतरचे रक्त गोठू न देणारे क्लोपिडोग्रेल सीवायपी२सी१९ जनुकाच्या काही प्रकारांत नीट कामच करत नाही. ही माहिती पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षांपासून आहे, पण काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये तिचा मागमूस दिसत नाही. ज्याला एकदा अशी प्रतिक्रिया आली आहे, त्याने निदान औषधाचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावे.

उद्यमनगर

हा सगळा विदा शेवटी राहतो कोणाकडे? विमा कंपनीच्या हाती लागला तर काय?

विदावाचक

रास्त प्रश्न आहे. जनुकीय विकार आहे म्हणून विम्याचा दावा सरसकट नाकारणे भेदभावाचे ठरते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. तरीही अमेरिकेत २००८ पासून आहे तसा जनुकीय भेदभावाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा सर्वसाधारण कायदा आहे. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांच्या डीएनएचा विदा विक्रीच्या मालमत्तेत मोजला गेला. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही, आणि त्यात तुमच्याबरोबर तुमची भावंडे आणि मुलेही उघडी पडतात. कामगारांच्या पॅकेजला माझा मुख्य विरोध या कारणासाठी आहे. संमतीपत्रावर ‘संशोधनासाठी व अन्य उपयोगासाठी’ असे लिहिलेले असेल, तर ते ‘अन्य’ खोडून घ्या किंवा सही करू नका.

प्रयोगशाळावाला

उद्यमनगर, विदा गोळा करण्याची चांगली बाजूही नोंदवली पाहिजे. २०२१ च्या जून-जुलैमध्ये राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत असताना आपल्या जिल्ह्यात ती हटत नव्हती, हे सर्वांना आठवत असेल. डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झालेल्या इन्साकॉग या प्रयोगशाळांच्या जाळ्यामुळे डेल्टा कसा पसरतो आहे हे देशाला कळत होते. सुमारे ३०,००० अक्षरांच्या त्या विषाणूचा जीनोम वाचायला माणसाच्या जीनोमइतका खर्च येत नाही. डेंग्यू, स्वाइन फ्लू आणि रुग्णालयांतले औषधांना न जुमानणारे जंतू यांच्यासाठी हे काम जिल्ह्याच्या पातळीवर नियमित झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान आणि जीवरसायनशास्त्र शिकलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात, आणि त्यांतली बरीचशी पुण्या-बंगळुरूला जातात. जंतूंच्या जीनोमचे काम साध्या संगणकावरही होऊ शकते.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान आम्ही एका जनुकीय समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर बोललो. त्यांनी अहवालाला हात घालण्याआधी तीन पिढ्यांची वंशावळ मागितली. ती काढताना आमच्या आत्यालाही चाळिशीच्या आतच स्तनाचा कर्करोग झाला होता, हे वडिलांनी पहिल्यांदाच सांगितले. तोवर हे आम्हाला कोणी विचारलेच नव्हते. अनिश्चित बदलाच्या आधारावर दुसरा स्तन काढू नये आणि त्या बदलासाठी भाचीची तपासणीही आत्ता करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र घराण्याचा इतिहास पाहता बहिणीची तपासणी दरवर्षी काटेकोरपणे व्हावी आणि भाचीने कोणत्या वयापासून तपासणी सुरू करायची हे कर्करोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे, असा सल्ला दिला. घरातले दोन्ही तट आता शांत आहेत. आत्या आज कागलला असतात आणि रक्त द्यायला तयार आहेत. त्याचा काही उपयोग होईल का?

विदावाचक

नक्कीच होईल. ज्या नातेवाइकाला आजार झालेला आहे, त्याच्या रक्तातून निरोगी भाचीच्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त कळते. आत्याबाईंमध्ये तो बदल नसला, तर तो निरुपद्रवी असल्याच्या बाजूने पुरावा वाढतो. असला, तर संशयाच्या बाजूने थोडी भर पडते. एकट्या त्या निकालावर पायरी बदलत नाही, पण प्रयोगशाळेला तो हिशेबात घ्यावा लागतो. अहवालाचा फेरविचार साधारण वर्षा-दोन वर्षांनी लेखी मागा, कारण नवा विदा आला की ज्या अनिश्चित बदलांची पायरी बदलते, त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी ठरतात. कच्च्या विदाची फाइलही मागून घरी जपून ठेवा.

प्रयोगशाळावाला

आत्याबाईंचे रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायला सांगा, त्यासाठी उपाशीपोटी यावे लागत नाही. सोबत बहिणीच्या अहवालाची प्रत आणि ती वंशावळ जोडा. अर्जावर फक्त त्या एका जागेची तपासणी हवी असे ठळक लिहा, नाहीतर सगळ्या जनुकांचे पॅनेल लावतात आणि बिल कित्येक पटींनी वाढते. नमुना सोमवारी किंवा मंगळवारी द्या, म्हणजे तो रविवारी कुठे पडून राहणार नाही.